कडू तेल

आबासाहेबांच्या अलमारीत सुऱ्या किती, ते कुणी मोजलं नव्हतं. मोजलं की वाढ खुंटते, असं ते म्हणत, आणि वाढ तर त्यांना हवीच होती. पण एवढं नक्की, की त्यांतली एकही सुरी भांडणातली नव्हती. सगळ्या कष्टाच्या, पोटासाठी झिजलेल्या, आणि सगळ्या कुणी ना कुणी आपण होऊन आणून दिलेल्या.

आबासाहेब म्हणजे संभाजीराव. घराणं शिपाईगिरीचं. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले आणि ग्वाल्हेरच्या मातीत मिसळले. तलवारी कधीच्याच गेल्या. संभाजीरावांच्या वाट्याला आली गुरांच्या दवाखान्यातली कंपाउंडरची नोकरी आणि एक सायकल. डबरा, भितरवार, पोहरी, मुरैना, जिथं बदली होईल तिथल्या खेड्यांतून ते फिरले. कुणाची म्हैस अडायची, कुणाचा बैल विषारी चारा खाऊन आडवा व्हायचा. जनावर उठून उभं राहिलं की धनी हात जोडायचा, तुपाचा गडू पुढं करायचा. आबासाहेब पाण्याच्या तांब्यापलीकडं काही घेत नसत. शेवटी बिलौव्याच्या एका म्हाताऱ्या पानमळेवाल्यानं त्यांना अडवलं. त्याचा मळा मोडला होता, पोरं शहरात गेली होती. पानं खुडायची आपली सुरी त्यानं त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तर काहीच घेत नाही. मग आम्ही आमचे आभार ठेवायचे कुठं?"

आबासाहेबांनी सुरी उचलली. तेव्हापासून भोवतालच्या मुलखाचे आभार ठेवायची जागा म्हणजे आबासाहेबांची अलमारी. मुरैन्याच्या, तीळगुळाची गजक करणाऱ्या गजकवाल्याची सुरी आली, लश्कर पेठेतल्या, खोगिरं शिवणाऱ्या जिनगराची आली, मेंढरांमागं हिंडणाऱ्या गडरियाची आली. नोकरी संपली तरी येणं थांबलं नाही. मिटणारा चाकू मात्र ते घेत नसत. म्हणायचे, "जो मिटतो तो लपतो. आपल्याकडं सगळी सरळ माणसं. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं हवं, आत एक आणि बाहेर एक नको."

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर, बैठकीच्या भिंतीत एक लाकडी अलमारी बसवलेली होती. क्वार्टर मुलाच्या, तरुणच्या नोकरीचं. अलमारीचा डावा भाग घराचा: रजया, जुनी पुस्तकं, तरुणचे क्रिकेटचे पॅड. मधे एक फळी उभी. उजवा भाग आबासाहेबांचा, कुलपाचा. त्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला असे.

सुरीचा वैरी दगड नव्हे, ओल, हे त्यांचं पहिलं वाक्य. म्हणून सुरी म्यानात ठेवून झोपवायची नाही. कातडं ओल पितं आणि पात्याला पाजतं. म्यानं खालच्या खणात वेगळी, सुऱ्या वरच्या खणांत, एकेक जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली. पात्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा आज दिसत नाही, महिन्यानं गंज होऊन उमटतो. औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल टिपायच्या पुड्या ते जपून ठेवत आणि तव्यावर शेकून पुन्हा खणांत पसरत. आणि सुरी हातातून हातात द्यायची नाही. मिठासारखी, मिरचीसारखी ती खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. नाहीतर भांडण होतं.

डोळ्यांत मोतीबिंदू धरत चालला होता, पण सुरी ओळखायला आबासाहेबांना डोळे लागतच नव्हते. मूठ नाकाशी नेली की झालं. लाकूड माणसाचा हात पितं, असं ते म्हणत. गजकवाल्याच्या मुठीला तीळगुळाचा वास, पानमळ्याच्या मुठीला विड्याच्या पानाचा, गडरियाच्या मुठीला लोकरीचा. दर साली खंडेनवमीला सुऱ्या चौरंगावर यायच्या. आबासाहेब एकेकीची मूठ हुंगायचे, देणाऱ्याचं नाव घ्यायचे, मग मुठीला कुंकवाचं बोट लावायचे. पात्याला नाही, पात्याला ओलं कुंकू सोसत नाही.

हे सगळं हर्षिता बघून बघून शिकली. ती त्यांची सून, फलटणहून दीड वर्षापूर्वी आलेली. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घर तिला कुणी समजावून दिलं नाही. तिनं ते चाचपडत ओळखलं. इथलं मराठीही तिला नवंच होतं. कपाटाला अलमारी, पिशवीला झोळा, आणि तरुण तर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. रविवारी आबासाहेब व्हरांड्यात सुऱ्या पुसत तेव्हा ती फडकी धरून बसे. फलटणला लग्नाच्या हळदीत चुलत्या ओव्या म्हणत, तशी तिच्या ओठी आपोआप ओवी यायची. एकदा गजकवाल्याची सुरी पुसताना ती गुणगुणली:

गजकवाल्याच्या सुरीला, बाई तिळागुळाची गोडी
आबासाहेबांच्या हातानं, उठली त्याची बैलजोडी

आबासाहेबांनी मान वर केली नाही, पण पुढची सुरी तिच्यापुढं ठेवताना हात जरा सावकाश झाला.

जूनमध्ये त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्याला, लेकीकडं, मंजिरीकडं. स्टेशनवर, गाडीच्या दारात, त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि तरुणच्या डोळ्यांदेखत हर्षिताच्या ओंजळीत टाकली. तरुणनं विचारलं, मी काय मेलो? आबासाहेबांनी त्याला जिनगराच्या सुरीची आठवण करून दिली. लग्नाआधी एकदा तरुणनं तिच्या टोकानं रंगाचा डबा उघडला होता. टोक अजून बोथट होतं.

"सूनबाई," गाडी हलता हलता ते म्हणाले, "पाऊस लागायच्या आत सगळ्यांना कडू तेल दे."

हर्षिता घरी आली ती हवेत चालत. या घरात आजवर सगळं आधीच कुणाचं तरी होतं. भांडी सासूबाईंची, क्वार्टर तरुणचं, बोली ग्वाल्हेरची. राखायला म्हणून तिच्या हाती आलेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्याच दिवशी ती दाल बाजारात गेली. फलटणला तिचे वडील डाळिंबाची बाग करत; त्यांना सगळे भाऊ म्हणत. घरी लिंबोळ्यांचं तेल काढलेलं असे. पावसाआधी भाऊ ते दारांना लावत, बैलाच्या खांद्याला लावत, अवजारांच्या मुठींना चोळत. कडू तेल म्हटलं की तिला ते दार दिसे. दुकानदाराला तिनं आपल्या हिंदीत नीम का तेल मागितलं. त्यानं विचारलं, कीड लागली आहे का? ती म्हणाली, लागू नये म्हणून. दुकानदार खूष झाला आणि त्यानं मोठी बाटली दिली.

तिनं एकही सुरी सोडली नाही. पातं, मूठ, मग म्यानं, आणि तेल उरलं म्हणून खण, आणि खण झाले म्हणून मधली उभी फळीसुद्धा. संध्याकाळी तरुण दारातच थबकला. घर आहे की दवाखाना, असं विचारून त्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या. आबासाहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर मात्र नाक दाबून आत आला. आबांचे उपचार तो लहानपणापासून सोसत आला होता.

फोनवर आबासाहेबांनी ऑपरेशनचं नंतर सांगितलं, आधी विचारलं, कडू तेल दिलंस? ती म्हणाली, हो, सगळ्यांना, म्यानांनासुद्धा. मग ते म्हणाले, म्यानांना? बरं.

आषाढात वरच्या मजल्यावरच्या शांताताईंनी तिला लोणचं शिकवायला घेतलं. शांताताई मूळच्या महाराज बाड्याजवळच्या, ग्वाल्हेरी मराठीचा पक्का नमुना, आणि लोणच्याच्या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. कैरीच्या फोडी झाल्या, मसाला झाला, बरणी भरली. शांताताई म्हणाल्या, आता वरून कडू तेल ओत, फोडी बुडेपर्यंत.

हर्षिताला वाटलं, थट्टा करतायत. पण शांताताई बरणी धरून उभ्याच होत्या. इथं लोक काय काय खातात, असं मनाशी म्हणत ती गेली आणि बाटली घेऊन आली. बूच निघालं मात्र, शांताताईंनी पदर नाकाला लावला.

"अगो, कैरीला काय ताप आलाय? कडुलिंबाचं तेल पाजतेस तिला?"

"तुम्हीच म्हणालात ना, कडू तेल."

"कडू म्हणजे सरसोंचं गं. मोहरीचं. आपल्याकडं त्यालाच कडू म्हणतात, हिंदीतही तेच." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांचं लक्ष हर्षिताच्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्यांनी बरणी खाली ठेवली. "कशाला लावलंस?"

हर्षितानं सांगितलं. शांताताईंना आबासाहेबांची खंडेनवमी ठाऊक होती. दर साली त्या प्रसादाला यायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, की पाती पुसून घे, निघेल.

पाती पुसली गेली. तेल चिकटून बसलं होतं, पण फडकी गरम करून हळू हळू चोळल्यावर लोखंड मोकळं झालं, आणि तिनं त्यांना मोहरीचं तेल दिलं. मुठींचं मात्र काही होईना. लाकूड माणसाचा हात पितं, तसं त्यानं कडुलिंब पिऊन टाकलं होतं. तिनं गजकवाल्याची मूठ नाकाशी नेली. कडुलिंब. पानमळा. कडुलिंब. गडरिया, जिनगर, सगळे एकाच झाडाखाली येऊन बसले होते. गंज लागला असता तर घासता आला असता. वास घासून परत कसा आणायचा?

त्या दिवसापासून तिला खंडेनवमीची धास्ती लागली. चौरंगावर आबासाहेब मूठ हुंगतील आणि नाव आठवणार नाही, हे तिला भांडी घासतानाही दिसे. तरुण म्हणाला, "छोड़ ना यार, येतील तेव्हा बघू." त्याचं बोलणं खोटं नव्हतं, पण त्यानं धीर येईना. रोज फोनवर सांगायचं ठरवायची. रोज आबासाहेब आज किती पावलं चाललो ते इतक्या आनंदानं सांगत, की तिचं सांगणं उद्यावर जाई.

दरम्यान भाऊ फलटणहून पुण्याला व्याह्यांना बघून आले. त्यानंतरच्या फोनवर आबासाहेबांनी एकदम विचारलं, "सूनबाई, अलमारीला वास येतो का गं?"

पावसाची ओल आहे, थोडा येतो, असं ती काहीतरी पुटपुटली. ते बरं म्हणाले आणि मंजिरीच्या हातच्या जेवणाकडं वळले.

भाद्रपदात विक्रमसिंह नावाचा एक माणूस पत्ता विचारत आला. पोहरीकडचा, दाढी पिकलेली. कंपाउंडर साहेब घरी नाहीत म्हटल्यावर हिरमुसला, पण गेला नाही. त्याचे वडील मुंज नावाचं गवत वळायचे, दोरखंड करायचे. त्यांची उंटीण विताना अडली होती तेव्हा साहेब नदीला पूर असताना सायकल डोक्यावर घेऊन पलीकडं आले होते, हे त्यानं सांगितलं. तो तेव्हा एवढासा होता. वडील गेले. जाताना त्यांनी सांगितलं होतं की दोर कापायची सुरी साहेबांकडं पोचव. त्यानं सुरी पिशवीतून काढली, खाली ठेवण्याआधी मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. मग ठेवली. हर्षितानं ती उचलली. चहा घेऊन तो निघाला तेव्हा वळून म्हणाला, साहेबांना सांगा, त्या उंटिणीची नात अजून आहे.

तो गेल्यावर तिनंही मूठ हुंगली. तंबाखू, वाळलेली मुंज, आणि मागं कुठंतरी घाम. एका माणसाचा पुरा जन्म. तिनं त्या मुठीला कुठलंच तेल लावलं नाही. पात्याला तेवढं मोहरीचं दिलं, फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात शेकलेल्या पुड्यांबरोबर ठेवलं आणि मनात म्हटलं, एवढी एक तरी त्यांना जशीच्या तशी देता येईल.

नवरात्राच्या आधी घर झाडायला काढलं तेव्हा तरुणनं अलमारीचा डावा भाग उघडला आणि हाक मारली. रजया उचलल्या तर हातात भुगा आला. भिंतीच्या ओलीतून वाळवी शिरली होती. पुस्तकांचे पुठ्ठे तेवढे उभे, आत माती. क्रिकेटचे पॅड पोकळ. तरुणच्या बी.कॉम.च्या गाइडांमधून वाळवी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेली होती. तो म्हणाला, "निदान हिनं तरी पुरी वाचली."

हर्षिता किल्ली घेऊन पुढं धावली. तिनं उजव्या भागाचं कुलूप काढलं. खण कोरडे, फडकी जशीच्या तशी. एकेक मूठ तिनं उलगडून पाहिली, नखानं दाबून पाहिली. शिसव, बाभूळ, आंबा, सगळं टणक. म्यानांचं कातडंही मऊ. मग ती मधल्या उभ्या फळीपाशी वाकली. मातीच्या नळ्या डावीकडून रांगत त्या फळीच्या कडेपर्यंत आल्या होत्या. तिथं थांबल्या होत्या. एक वर चढून बघून आली होती, एक खाली. मग सगळ्या जशा आल्या तशा मागं फिरल्या होत्या. फळीला अजून तो वास होता.

ती तिथंच खाली बसली. घाबरून जे तिनं मुठींतून पुसून काढू पाहिलं होतं, त्यानंच सगळ्यांना राखलं होतं. फलटणच्या अंगणातल्या त्या झाडाला तिनं मनोमन हात जोडले. पण अर्धेच, वास तर गेलाच होता.

आबासाहेब नवमीच्या दोन दिवस आधी आले. काठी होती, पण चाल सरळ. वाळवीचं ऐकून त्यांनी तरुणच्या गाइडांबद्दल खेद व्यक्त केला आणि उजव्या भागाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यानं हर्षिता आणखीच खचली.

नवमीला बैठकीत चौरंग मांडला, झेंडूची फुलं आली. मांडी घालायला बंदी, म्हणून आबासाहेब खुर्चीवर बसले. हर्षिता एकेक सुरी चौरंगावर ठेवायची, ते उचलायचे. पहिली मूठ त्यांनी नाकाशी नेली. हं, म्हणाले, आणि कुंकू न लावता खाली ठेवली. दुसरी. हं. तिसरी गजकवाल्याची होती. ती त्यांनी दोनदा हुंगली, आणि मग डोळे मिटून नुसती धरून राहिले.

हर्षिताला ते बघवेना.

"आबासाहेब, आमच्याकडं कडू तेल म्हणजे कडुलिंबाचं. मला ठाऊक नव्हतं. पाती मी पुसून काढली, पण मुठी पिऊन बसल्या. सगळ्यांचा वास गेला."

"ठाऊक आहे मला," आबासाहेब म्हणाले.

दारातून तरुण वाळवीबद्दल काही सांगायला लागला. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि आपली पुण्याची बॅग आणायला सांगितली. बॅगेतून एका टॉवेलची गुंडाळी निघाली. ती मांडीवर ठेवून ते बोलले. भाऊ दवाखान्यात आले होते. लेकीकडून सुऱ्यांचं सारखं ऐकत होते, म्हणून आपली डाळिंब छाटायची सुरी घेऊन आले. पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली, हातात नाही दिली. रीत त्यांच्याकडंही तीच. म्हणाले, पोरीला तुमच्या घरात घर मिळालं, त्याचे आभार ठेवायला आलो.

"मी मूठ हुंगली," आबासाहेब म्हणाले. "म्हटलं, व्याही, हा वास कसला? तर म्हणाले, कडू तेल, पावसाआधी चोळतो. तेव्हा कळलं माझ्या सूनबाईनं काय केलं असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, तिला तिच्या वेळेनं बोलू दे." ते थांबले. "खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. गजकचा वास गेला म्हणून चांगला रडलो. मंजिरी घाबरली, तिला वाटलं टाका तुटला. मग मी पडल्या पडल्या एकेकाला आठवून बघायला लागलो, वास न घेता. निम्मी माणसं येईनात गं. म्हणजे मी त्यांना नाकात ठेवलं होतं. उद्या नाक गेलं की तीही गेली असती." गजकवाल्याची सुरी त्यांनी चौरंगावर परत ठेवली. "ती ओवी म्हण."

हर्षितानं म्हटली. ओवीत बैलजोडी उठली तशी आबासाहेबांची मान डोलली आणि त्यांनी मुठीला कुंकू लावलं. पुढची पानमळ्याची होती. तिची ओवी हर्षितानं पावसाळ्यात, एकटीनं पुसताना, केली होती:

पानमळ्याच्या सुरीची, पाती हिरव्या पानावाणी
माघाच्या गारठ्यात, वासरानं प्यालं पाणी

"वासरू पांढरं होतं," आबासाहेब म्हणाले. "तेही घाल कुठंतरी."

मग कामच सुरू झालं. जिथं ओवी होती तिथं तिनं म्हटली. जिथं नव्हती तिथं ते सांगत गेले आणि ती मनात जुळवत गेली. शांताताई प्रसादाला आल्या त्या कोपऱ्यात बसून राहिल्या. जिनगराच्या सुरीपाशी तरुणनं स्वतःहून सांगितलं की ओवीत रंगाचा डबा आला तरी त्याची हरकत नाही.

विक्रमसिंहाच्या वडलांची सुरी तिनं शेवटी स्टीलच्या डब्यातून काढली. मूठ नाकाशी गेली आणि आबासाहेबांचा चेहराच बदलला. "ही मुंज. हा तंबाखू. अगं, हा पोहरीचा... उंटीणवाला. पूर होता." हर्षितानं नातीचं सांगितलं. उंटिणीची नात आहे हे ऐकून ते कितीतरी वेळ हसत राहिले.

"या मुठीलाही आता तुझं तेल लाव," ते मग म्हणाले.

"वास जाईल, आबासाहेब."

"आज घेतला मी पोटभर. वास गेला तरी मूठ राहायला हवी, विक्रमसिंहाच्या नातवानं कधी येऊन धरायची म्हटली तर. या घरात आता दोन कडू तेलं. आमचं पात्याला, तुमचं मुठीला." मग स्वतःच जीभ चावली. "दोन्ही आपलीच."

त्यांनी टॉवेलची गुंडाळी सोडली. भाऊंची सुरी, आखूड, पातं झिजून चंद्रकोरीएवढं राहिलेलं. ती त्यांनी चौरंगावर हर्षितासमोर ठेवली.

"हातात नाही देत. आपल्यात भांडण नको."

हर्षितानं दोन्ही हातांनी उचलली. मूठ नाकाशी नेली. फलटणचं दार उघडलं. दारात भाऊ उभे, हाताला तेल, पावसाचा अंदाज घेत आभाळाकडं बघणारे. तिला हुंदका आला तो तिनं अडवला नाही. आबासाहेब कुंकवाची वाटी पुढं सरकवून वाट बघत राहिले, कारण या सुरीचं नाव तिनंच घ्यायचं होतं.

माझ्या बापाच्या सुरीला, बाई कडू तेलाचं लेणं
फलटणच्या लिंबाचं, झालं ग्वाल्हेरीला येणं

तिनं मुठीला कुंकवाचं बोट लावलं. मग कमरेची किल्ली सोडून चौरंगावर, आबासाहेबांपुढं ठेवली. आबासाहेबांनी झेंडूचं एक फूल उचललं, प्रसादाची वाटी उचलली, काठीही उचलली. किल्ली तेवढी तिथंच राहिली. शेवटी शांताताई म्हणाल्या, "अगो, उचल की. खाली ठेवलेलं कुणीतरी उचलायचंच असतं."